संगणकाचं इंटरनेट गेम कन्सोलला कसं द्यायचं: नवख्यांसाठी मार्गदर्शक

गेम कन्सोलला इंटरनेट द्यायचा सरळ मार्ग म्हणजे तो राउटरला जोडणं, केबलने किंवा वायफायने. तो मार्ग मोकळा असेल तर तोच घ्या. मधे संगणक आला की बिघडू शकेल अशी आणखी एक गोष्ट वाढते. पण कित्येकदा तो मार्ग मोकळा नसतो, आणि तेव्हा संगणक फार उपयोगी पडतो.

वसतिगृहात किंवा हॉटेलात वायफायला जोडल्यावर आधी एक पान उघडतं आणि त्यावर माहिती भरावी लागते. संगणकावर ते पान सहज उघडतं, कन्सोलवर ते नीट उघडेलच असं नाही. काही महाविद्यालयांच्या आणि कार्यालयांच्या वायफायला एक सामायिक पासवर्ड नसतो, प्रत्येकाचं वेगळं युजरनेम आणि पासवर्ड असतो. याला डब्ल्यूपीए-२ एंटरप्राइझ म्हणतात. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि निन्टेन्डो स्विच या तिघांनाही अशा नेटवर्कमध्ये शिरता येत नाही. कुठे इंटरनेट यूएसबी डोंगलमधून किंवा केबलने जोडलेल्या फोनमधून थेट संगणकात येतं. कुठे राउटर लांब असतो आणि लॅपटॉपला मिळते तेवढी रेंज कन्सोलला मिळत नाही. कधी कन्सोलच जुना असतो: एक्सबॉक्स ३६० च्या २००५ सालच्या मूळ मॉडेलमध्ये वायफाय नव्हतंच, ते २०१० च्या एस मॉडेलपासून आत बसवलेलं मिळू लागलं.

यातलं काहीही तुमच्या बाबतीत खरं असेल, तर पुढे वाचा. एकच गोष्ट आधी पाहा: इंटरनेट संस्थेचं असेल, तर ते दुसऱ्या उपकरणाला वाटण्याची परवानगी आहे का ते नियमांत बघून घ्या. काही ठिकाणी याला स्पष्ट मनाई असते आणि नेटवर्क सांभाळणाऱ्यांना ते लक्षातही येतं.

आधी दोन बाजू ओळखा

सगळ्या सेटिंगच्या मुळाशी एकच कल्पना आहे. ती समजली की पुढचं सगळं सोपं जातं आणि काही अडलं तर कुठे शोधायचं तेही कळतं.

तुमच्या संगणकाला आता दोन बाजू आहेत. एका बाजूने इंटरनेट आत येतं, तिला या लेखात आपण 'येणारी बाजू' म्हणू. दुसऱ्या बाजूने ते कन्सोलकडे जातं, ती 'जाणारी बाजू'. इंटरनेट वायफायने येत असेल आणि कन्सोलला केबलने द्यायचं असेल, तर वायफाय ही येणारी बाजू आणि संगणकाचं लॅन पोर्ट ही जाणारी बाजू. काम सुरू करण्याआधी या दोन बाजू कागदावर लिहून ठेवा. नवख्यांचं बहुतेक वेळा जे चुकतं ते इथेच: इंटरनेट वाटायची खूण जाणाऱ्या बाजूवर केली जाते. विंडोजवर ती नेहमी येणाऱ्या बाजूवर करायची असते.

वाटणी सुरू केली की संगणक छोटा राउटर होतो. तो दोन कामं करतो. पहिलं, कन्सोलला एक आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवर ओळखायचा क्रमांक, देतो. हे डीएचसीपीचं काम. दुसरं काम मोठ्या कचेरीतल्या आवक-जावक विभागासारखं आहे. कचेरीतल्या कुठल्याही टेबलावरून पत्र निघालं, तरी बाहेर जाताना त्यावर कचेरीचाच पत्ता पडतो आणि कुणाचं पत्र कुठे गेलं याची नोंद वहीत होते. उत्तर आलं की वही बघून ते योग्य टेबलावर पोचवलं जातं. कन्सोलकडून निघालेली प्रत्येक मागणी संगणक अशीच स्वतःच्या पत्त्यावर बाहेर पाठवतो, नोंद ठेवतो आणि आलेलं उत्तर कन्सोलला देतो. यालाच नॅट म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, कारण ऑनलाइन खेळताना सगळ्यात जास्त त्रास याच्यामुळे होतो.

केबल की वायफाय

माझं मत स्पष्ट आहे: जमत असेल तर संगणकापासून कन्सोलपर्यंत केबलच वापरा. वायफायवरून येणारं इंटरनेट पुन्हा वायफायवरूनच वाटलं, तर तोच एक रेडिओ आलटून-पालटून दोन्हीकडे बोलतो. वेग साधारण निम्म्यावर येतो आणि पिंग, म्हणजे उत्तर परत यायला लागणारा वेळ, वर-खाली होत राहतो. डाउनलोड करताना हे खपून जातं. समोरासमोरच्या लढतीत किंवा शर्यतीच्या खेळात मात्र तुम्ही बटण दाबता आणि पडद्यावर हालचाल उशिरा दिसते.

केबल साधी लॅन केबल चालते. पूर्वी दोन यंत्रं थेट जोडायला क्रॉसओव्हर नावाची वेगळी केबल लागायची. हल्लीची पोर्टं तारांची उलटापालट स्वतः ओळखतात, त्यामुळे ती शोधत बसू नका. खूप जुनी दोन यंत्रं असतील तरच तिचा प्रश्न येतो.

लॅपटॉपला लॅन पोर्ट नसेल तर यूएसबीला लावायचा लॅन अडॅप्टर मिळतो. घेताना तो गिगाबिट (१००० एमबीपीएसचा) आहे का बघा, कारण स्वस्तातले बरेच अडॅप्टर १०० एमबीपीएसवरच अडतात. स्विचचं लक्षात ठेवा: २०१७ च्या पहिल्या मॉडेलच्या डॉकला लॅन पोर्ट नाही, तिथेही यूएसबी अडॅप्टर लागतो. २०२१ च्या ओएलईडी मॉडेलच्या डॉकला पोर्ट आहे.

विंडोजवर, केबलने

विंडोजमधली ही सोय जुनी आहे, १९९९ च्या विंडोज ९८ सेकंड एडिशनपासूनची. तिचं नाव इंटरनेट कनेक्शन शेअरिंग, थोडक्यात आयसीएस. पुढच्या पायऱ्या विंडोज १० आणि ११ दोन्हींना लागू आहेत. संगणकावर ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार असलेलं खातं हवं.

१. आधी संगणकावर इंटरनेट चालतंय याची खात्री करा. ब्राउझरमध्ये एखादं पान उघडून बघा. लॉगिनचं पान येत असेल तर ते आत्ताच उरकून घ्या.

२. कन्सोल आणि संगणक केबलने जोडा आणि कन्सोल सुरू करा. कन्सोल बंद असेल तर संगणकाला पोर्टमध्ये काही जोडलंय हेच कळत नाही आणि तो 'केबल अनप्लग्ड' दाखवत राहतो.

३. कीबोर्डवरची विंडोज कळ आणि आर एकत्र दाबा. उघडलेल्या चौकटीत इंग्रजी एन, सी, पी, ए, मग टिंब, मग सी, पी, एल ही अक्षरं टाइप करून एंटर दाबा. नेटवर्क कनेक्शन्सची खिडकी उघडेल. कंट्रोल पॅनेलमधून नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर आणि तिथून 'चेंज अडॅप्टर सेटिंग्ज' असंही जाता येतं.

४. इथे 'वायफाय', 'इथरनेट' अशी चिन्हं दिसतील. संगणकावर व्हर्च्युअल मशीन किंवा व्हीपीएन बसवलं असेल तर आणखीही अनोळखी नावं दिसतील. घोटाळा नको म्हणून केबल काढा, कोणत्या चिन्हावर लाल फुली येते ते बघा आणि केबल परत लावा. ती तुमची जाणारी बाजू. त्या चिन्हाचं नाव बदलून 'कन्सोल' ठेवलंत तर पुढे निवडताना फार सोपं जातं.

५. आता येणाऱ्या बाजूवर, म्हणजे आपल्या उदाहरणात वायफायवर, राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा आणि 'शेअरिंग' टॅबवर जा. हा टॅबच दिसत नसेल तर विंडोजला संगणकात एकच अडॅप्टर दिसतोय. लॅन अडॅप्टर नीट बसलाय का ते बघा.

६. पहिल्या ओळीवर खूण करा. ती ओळ 'अलाऊ अदर नेटवर्क युजर्स टू कनेक्ट' अशी सुरू होते. खाली 'होम नेटवर्किंग कनेक्शन' ही यादी असेल तर तिच्यातून जाणारी बाजू निवडा, मघाशी 'कन्सोल' नाव दिलेली. ओके दाबा.

७. विंडोज सांगेल की लॅन अडॅप्टरचा पत्ता १९२.१६८.१३७.१ असा होणार आहे. होकार द्या. हा पत्ता टिपून ठेवा, पुढे लागेल.

इथे एक कळकळीची सूचना. ही वाटणी चालू असताना ती केबल कन्सोलखेरीज दुसरीकडे लावू नका, विशेषतः भिंतीतल्या लॅन पोर्टात किंवा सगळ्यांच्या सामायिक नेटवर्क स्विचमध्ये (अनेक केबल जोडायच्या पेटीत). तुमचा संगणक आता पत्ते वाटतोय. तो सामायिक नेटवर्कला जोडला तर तिथल्या इतरांच्या यंत्रांनाही आपले पत्ते देऊ लागेल आणि त्यांचं इंटरनेट बंद पडेल. वसतिगृहांत अख्ख्या मजल्याचं नेट एका खोलीतल्या अशा केबलमुळे जाऊ शकतं.

विंडोजवर, वायफायने

केबल शक्यच नसेल, किंवा संगणकाला इंटरनेट केबलने येत असेल आणि कन्सोलला वायफायने द्यायचं असेल, तर 'मोबाइल हॉटस्पॉट' वापरा. दुसरी मांडणी खरोखर चांगली चालते, कारण वायफायचा रेडिओ पूर्णपणे कन्सोलसाठी मोकळा असतो.

सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट' आणि त्यात 'मोबाइल हॉटस्पॉट' उघडा. 'शेअर माय इंटरनेट कनेक्शन फ्रॉम' मध्ये येणारी बाजू निवडा आणि 'शेअर ओव्हर' मध्ये वायफाय. 'एडिट' दाबून नाव आणि पासवर्ड स्वतःचे ठेवा. पासवर्ड निदान ८ अक्षरांचा लागतो. कन्सोलच्या रिमोटसारख्या बटणांनी तो टाइप करायचाय हे ध्यानात ठेवून अवघड चिन्हं टाळा, पण लांबी कमी करू नका. मग हॉटस्पॉट चालू करा. एका वेळी ८ उपकरणं जोडता येतात.

याच ठिकाणी बँड, म्हणजे वायफायचा रेडिओ पट्टा, निवडता येतो, आणि कन्सोलला हॉटस्पॉट दिसत नाही या तक्रारीचं कारण बहुधा तिथेच असतं. २०१३ चा मूळ प्लेस्टेशन ४, प्लेस्टेशन ३, निन्टेन्डोचे वी आणि वी यू यांना फक्त २.४ गिगाहर्ट्झ समजतं. हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर असेल तर यांच्या यादीत तो येणारच नाही. प्लेस्टेशन ४ चे २०१६ चे स्लिम आणि प्रो, प्लेस्टेशन ५, एक्सबॉक्स वन आणि त्यानंतरचे एक्सबॉक्स, तसंच स्विच यांना ५ गिगाहर्ट्झ चालतं, आणि संगणक त्याच खोलीत असेल तर तेच निवडावं. त्या पट्ट्यात गर्दी कमी असते. मूळ निन्टेन्डो डीएस आणि डीएस लाइट मात्र वेप नावाची जुनी सुरक्षाच ओळखतात. विंडोजचा हॉटस्पॉट ती देत नाही, आणि देऊ नयेच, ती सहज फुटते.

कुणी जोडलेलं नसेल तर हॉटस्पॉट थोड्या वेळाने आपोआप बंद होतो. त्याच पानावर वीज वाचवायची ही सोय बंद करता येते. कन्सोल रात्री झोपवून सकाळी उठवल्यावर नेटवर्क सापडत नसेल तर आधी हेच बघा.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर सिस्टिम सेटिंग्ज, जनरल, शेअरिंग असं जाऊन 'इंटरनेट शेअरिंग' शोधा. चालू करण्याआधी शेजारच्या आय चिन्हावर क्लिक करा. पहिल्या यादीत येणारी बाजू, खालच्या यादीत जाणारी बाजू निवडा आणि मग बटण चालू करा. वाटणी चालू असताना या निवडी बदलता येत नाहीत, आधी ती बंद करावी लागते. वायफायने आलेलं इंटरनेट वायफायनेच वाटायची सोय मॅकवर धरून चालू नका, केबलच ठेवा. कन्सोलला मिळणारा पत्ता साधारणपणे १९२.१६८.२ ने सुरू होतो.

लिनक्सवर नेटवर्क मॅनेजर असेल तर काम एका ओळीचं आहे. कन्सोलला जोडलेल्या लॅन कनेक्शनची सेटिंग उघडा, आयपीव्ही-४ टॅबवर जा, पद्धत म्हणून 'शेअर्ड टू अदर कॉम्प्युटर्स' निवडा, साठवा आणि ते कनेक्शन एकदा बंद करून चालू करा. इथे खूण जाणाऱ्या बाजूवर असते, विंडोजच्या बरोबर उलट. कन्सोलला १०.४२.० ने सुरू होणारा पत्ता मिळेल.

आता कन्सोलकडे

कन्सोलच्या बाजूला करण्यासारखं फारसं काही नाही, आणि तेच बरं. त्याच्या दृष्टीने संगणक हा राउटरच आहे.

प्लेस्टेशन ५ वर सेटिंग्ज, नेटवर्क, पुन्हा सेटिंग्ज आणि मग 'सेट अप इंटरनेट कनेक्शन'. प्लेस्टेशन ४ वर सेटिंग्ज, नेटवर्क आणि तेच. तिथे लॅन केबल आणि 'ईझी' पद्धत निवडा. एक्सबॉक्सवर सेटिंग्ज, जनरल, 'नेटवर्क सेटिंग्ज'. केबल लावलेली असेल तर तो बहुधा विचारतही नाही. स्विचवर सिस्टिम सेटिंग्ज, इंटरनेट, 'इंटरनेट सेटिंग्ज' आणि तिथे 'वायर्ड कनेक्शन'. पत्ता, डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणारी सेवा), सगळं ऑटोमॅटिक राहू द्या. प्रॉक्सीचं विचारलं तर नको म्हणा.

मग प्रत्येक कन्सोलवर जोडणी तपासायची सोय आहे, ती चालवा. प्लेस्टेशनची चाचणी मला सगळ्यात उपयोगी वाटते, कारण ती टप्प्याटप्प्याने सांगते: आयपी पत्ता मिळाला का, इंटरनेट लागलं का, प्लेस्टेशन नेटवर्कला पोचता आलं का, नॅट कोणत्या प्रकारचं आहे. कुठल्या टप्प्यावर थांबलं त्यावरून दोष कुठे आहे ते थेट कळतं.

चाललं नाही तर

घाईघाईने सगळ्या सेटिंग बदलू नका. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, याच क्रमाने जा.

सगळ्यात आधी संगणकाचं स्वतःचं इंटरनेट. लॉगिनच्या पानाची मुदत संपली असेल तर संगणकही अडतो आणि कन्सोलही, पण तक्रार आधी कन्सोल करतो.

मग कन्सोलला मिळालेला पत्ता. नेटवर्कची स्थिती दाखवणाऱ्या पानावर तो दिसतो. विंडोजच्या वाटणीत तो १९२.१६८.१३७ ने सुरू व्हायला हवा. तसा असेल तर संगणक ते कन्सोल हा तुकडा ठीक आहे, दोष पुढे शोधा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, किंवा पत्ताच मिळाला नसेल, तर संगणकाने कन्सोलला उत्तरच दिलेलं नाही. पत्ता देणारं कुणी सापडलं नाही की यंत्र स्वतःलाच १६९.२५४ चा पत्ता देतं, आणि त्याने बाहेर जाता येत नाही.

अशा वेळी नेटवर्क कनेक्शन्सच्या खिडकीत परत जा, येणाऱ्या बाजूच्या शेअरिंगमधली खूण काढा, ओके दाबा, पुन्हा उघडा, खूण करा, जाणारी बाजू परत निवडा. संगणक रीस्टार्ट झाल्यावर विंडोजची ही वाटणी कधी कधी नुसती चालू असल्याचं दाखवते आणि काम करत नाही. खूण काढून परत केली की ती जागी होते. वारंवार असं होत असेल तर 'सर्व्हिसेस' उघडून 'इंटरनेट कनेक्शन शेअरिंग' या सेवेचा स्टार्टअप प्रकार ऑटोमॅटिक करा. तरीही पत्ता मिळत नसेल तर वेगळ्या कंपनीची फायरवॉल किंवा अँटीव्हायरस मधे आहे का बघा, काही मिनिटांपुरती ती थांबवून चाचणी घ्या आणि लगेच परत चालू करा. कार्यालयीन व्हीपीएन चालू असेल तर ते बंद करून बघा, त्यातली काही इंटरनेट वाटूच देत नाहीत.

पत्ता हाताने द्यायचा उपायही आहे. कन्सोलच्या मॅन्युअल सेटिंगमध्ये आयपी पत्ता १९२.१६८.१३७.५०, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१३७.१ आणि डीएनएसलाही १९२.१६८.१३७.१ द्या. आकडे अर्थातच इंग्रजी अंकांत टाकायचे. पत्ता ठीक, इंटरनेट लागत नाही, आणि कन्सोल डीएनएसची चूक दाखवतोय, अशी स्थिती असेल तर डीएनएसच्या जागी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ देऊन बघा.

एक दुर्मीळ पण डोकं चक्रावणारा प्रकार: तुमच्या संगणकाला इंटरनेट दुसऱ्या एका विंडोज संगणकाच्या हॉटस्पॉटवरून येत असेल, तर दोन्ही बाजूंना १९२.१६८.१३७ चेच पत्ते होतात. कुठलं कुठे पाठवायचं हे संगणकाला कळेनासं होतं. इथे सेटिंग कितीही तपासली तरी उपयोग नाही. तुमच्या संगणकाचं इंटरनेट वेगळ्या मार्गाने घ्या.

एक्सबॉक्स कधी एमटीयूची तक्रार करतो. एका वेळी पाठवायच्या पाकिटाचा आकार म्हणजे एमटीयू, आणि एक्सबॉक्सला तो निदान १३६४ लागतो. व्हीपीएनमधून येणाऱ्या जोडणीत तो घटतो, म्हणून पहिला संशय व्हीपीएनवर घ्या.

नॅटचा प्रकार आणि मित्रांशी न जुळणारा खेळ

आता असं झालं की इंटरनेट लागलं, डाउनलोडही होतंय, पण मित्राच्या खेळात शिरता येत नाही, किंवा गप्पांमध्ये एकाचा आवाज येतो आणि दुसऱ्याचा येत नाही. इथे नवखे लोक वेगाला दोष देतात. वेगाचा याच्याशी संबंध नाही.

आवक-जावक वहीची गोष्ट आठवा. तुम्ही पाठवलेल्या पत्राचं उत्तर तुमच्यापर्यंत पोचतं, कारण नोंद आहे. पण बाहेरून कुणी आपणहून पत्र पाठवलं, तर ते कोणत्या टेबलाचं हे वहीत नसतं आणि ते परत जातं. ज्या खेळांत सगळे खेळाडू कंपनीच्या सर्व्हरला जोडतात तिथे याने अडत नाही. ज्यांत खेळाडूंचे कन्सोल एकमेकांशी थेट बोलतात तिथे मात्र अडतं, आणि आवाजी गप्पा बऱ्याचदा अशाच थेट चालतात. तुमच्याकडे तर या वह्या दोन आहेत, एक राउटरकडे आणि एक संगणकाकडे. याला डबल नॅट म्हणतात. मोबाइल डेटा असेल तर पुष्कळदा तिसरी वही मोबाइल कंपनीकडे असते.

प्लेस्टेशन नॅटचे प्रकार १, २, ३ असे सांगतो. २ असेल तर निश्चिंत राहा, ३ असेल तर वरच्या अडचणी येतील. एक्सबॉक्स ओपन, मॉडरेट आणि स्ट्रिक्ट म्हणतो, आणि डबल नॅट सापडलं तर तसं सांगतोही. निन्टेन्डो अक्षरं वापरतो, त्यातली ए आणि बी चांगली.

उपाय तीन आहेत. सगळ्यात उत्तम म्हणजे संगणकाची वहीच काढून टाकणं, म्हणजे ब्रिज. संगणकाला इंटरनेट केबलने येत असेल आणि दुसऱ्या लॅन पोर्टातून कन्सोलला जात असेल, तर आधी आयसीएसची खूण काढा. मग नेटवर्क कनेक्शन्सच्या खिडकीत दोन्ही लॅन चिन्हं कंट्रोल कळ दाबून निवडा, राइट क्लिक करा आणि 'ब्रिज कनेक्शन्स' घ्या. आता कन्सोलला पत्ता थेट राउटर देतो, संगणक फक्त पलीकडे पोचवतो.

वायफायने येणाऱ्या इंटरनेटचा ब्रिज मात्र बहुधा चालत नाही, आणि त्याचं कारण तांत्रिक आहे. वायफायच्या नेहमीच्या जोडणीत राउटर एका जोडणीमागे एकच मॅक पत्ता (नेटवर्क अडॅप्टरचा ओळख क्रमांक, मॅक संगणकाशी त्याचा संबंध नाही) धरून चालतो. ब्रिजमधून कन्सोलचा दुसरा मॅक पत्ता पुढे आला की त्याची पाकिटं तो टाकून देतो. म्हणून वायफायवर आयसीएस, केबलवर ब्रिज, असं धरून चाला.

दुसरा उपाय म्हणजे ठरावीक पोर्ट कन्सोलकडे वळवणं. इथे पोर्ट म्हणजे केबल लावायची जागा नव्हे, तर येणारी पाकिटं कशासाठी आहेत ते सांगणारा क्रमांक. आयसीएसच्या शेअरिंग टॅबवर 'सेटिंग्ज' बटण आहे, तिथे नवी सेवा जोडून कन्सोलचा पत्ता आणि पोर्ट क्रमांक देता येतो. एक्सबॉक्सच्या खेळांसाठी यूडीपी (डेटा पाठवायची एक पद्धत) ३०७४ हा मुख्य. हेच राउटरवरही करावं लागतं, तिथे मात्र संगणकाचा पत्ता द्यायचा. यासाठी कन्सोलला पत्ता हाताने दिलेला असावा, नाहीतर उद्या तो बदलेल आणि वळवलेलं पोर्ट रिकाम्या जागी जाईल. वसतिगृहाचा राउटर तुमच्या हातात नसेल तर हा उपाय अर्धाच राहतो, आणि अर्धा करून फायदा नाही. तेव्हा तिसरा उपाय उरतो: खेळाचं यजमानपद चांगलं नॅट असलेल्या मित्राकडे द्या आणि तुम्ही त्याच्या खेळात शिरा. हा उपाय साधा आहे, पण तो बऱ्याचदा चालतो.

डेटा, झोप आणि काम संपल्यावर

प्रत्यक्ष खेळायला डाउनलोडच्या मानाने फारच थोडा डेटा लागतो. खातो तो खेळांचा आकार. ५० जीबीचा खेळ ५० एमबीपीएसच्या जोडणीवर उतरवायला अगदी पूर्ण वेग मिळाला तरी सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. हिशेब करताना लक्षात ठेवा की जोडणीचा वेग बिटमध्ये सांगतात आणि खेळाचा आकार बाइटमध्ये. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी. डेटा मोजून मिळत असेल तर कन्सोलवरचे आपोआप होणारे अपडेट आधीच बंद करा. संगणकावर 'मीटर्ड कनेक्शन' निवडलंत तरी ती मर्यादा संगणकापुरती असते, कन्सोलला ती कळत नाही.

संगणक झोपला की कन्सोलचं इंटरनेट गेलंच. रात्रभर डाउनलोड लावायचं असेल तर पॉवर सेटिंगमध्ये चार्जर लावलेला असताना 'स्लीप' कधीच नको असं करा आणि लॅपटॉपचं झाकण मिटल्यावर काय व्हावं तिथेही 'डू नथिंग' निवडा. झाकण मिटून लॅपटॉप गादीवर किंवा पिशवीत ठेवू नका, हवा खेळती लागते.

आणि काम झालं की वाटणी बंद करा. शेअरिंगमधली खूण काढा, हॉटस्पॉट बंद करा, ब्रिज केला असेल तर त्यावर राइट क्लिक करून तो काढून टाका. मग लॅन अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपीव्ही-४ उघडून पत्ता 'ऑब्टेन ॲन आयपी ॲड्रेस ऑटोमॅटिकली' वर आहे का बघा. कधी कधी १९२.१६८.१३७.१ तसाच चिकटून राहतो, आणि पुढे कधीतरी तीच केबल राउटरला लावली की संगणकालाच इंटरनेट मिळत नाही.